दोन सुंदरबाई

४ डिसेंबर

आलो एकदाचा! युसूफ वडगाव गावापर्यंत जीपला लटकून, पुढं दुधाच्या टेम्पोत. पुढारी अंगददादांची वस्ती झक्कास हाय. नव्या बंगल्याची फरशी इतकी गुळगुळीत की दोनदा घसरलो.

दादांच्या आजीनं, सुंदरबाईनं, ऐंशी ओलांडली. बारा तारखेला सहस्रचंद्रदर्शन. तेवढ्यात घराण्याची वंशावळ मोबाइलच्या ॲपात भरायची, मग दाराशी मोठा फ्लेक्स. मी बारावी नापास, पण टायपिंग फास्ट. आमच्याकडं मेंढरं. बा म्हणायचा, नाथ्या, तू एका जागी टिकलास तर मेंढी अंडं देईल. बघू.

आजीनं जेवायला वाढलं. ठेचा इतका तिखट की डोळ्यात पाणी आलं. तिनं कुणाला न दाखवता माझ्या मुठीत गुळाचा खडा दाबला. लई माया.

५ डिसेंबर

डोकं उठलंय. गावात लग्नं लावणाऱ्या जोशीबुवाच्या जुन्या वहीत दादांच्या आजोबाचं, मुंजाजीचं, लग्न दोनदा लिवलंय. मे १९५९, नवरी सुंदरबाई, माहेर कडा गाव. मे १९६१, नवरी सुंदरबाई, माहेर कडा. बाप बी तोच! बुवानं भांग पिऊन लिवलं का काय? मधी एक कालवड सुटली, तिच्या मागं पळण्यात तास गेला.

ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या वहीत बी एक सुंदरबाई घावली. वय १७, विहिरीत बुडून, १२ डिसेंबर १९६०. ती पहिल्या नोंदीला लावून टाकली, इचार केला न्हाई.

दादांना विचारलं. ते प्रचाराच्या फोनवर. म्हणले, मला आजी एकच, जोड की बे. ॲप बी विचारत होतं, या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या का? हो दाबलं.

६ डिसेंबर

ॲपात आजीच्या चौकटीवर काळी पट्टी आली. मयत. खोडली, परत आली. चारदा.

स्वयंपाकाच्या साखराबाईनं सगळं सांगितलं. सुंदरबाई दोन व्हत्या, सख्ख्या बहिणी. थोरली मागच्या विहिरीत गेली. मग धाकटी त्याच घरात दिली आणि ताटातल्या तांदळात तिचं नवं नाव लिवलं ते थोरलीचंच. मेलेल्या सवतीचं नाव घेतलं की ती सुखानं नांदू देती, अशी समज. धाकटीचं माहेरचं नाव आता कुणालाच ठावं न्हाई.

म्हंजे मी मेलेली आणि जिती, दोघी एकात बांधल्या.

७ डिसेंबर

तोडायचं बघतोय, ॲप तुटू देत न्हाई. दोघींत फरक काय ते टाका म्हणतंय. नाव एक, बाप एक, नवरा एक. काय टाकू, माझं डोस्कं? माहेरचं नाव पायजे.

आजीला विचारलं, लग्नाआधी तुला काय म्हणायचे? ती म्हणली, माझी धाकटी बहीण कड्याला हाय, लई रडती. तिला या घरात देऊ नका म्हणावं.

तिचा पदर ओला होता.

९ डिसेंबर

कड्याला गेलतो. कारखान्यापाशी रस पीत उगाच तास घालवला. आजीचा भाचा बिभीषणमामा भेटला, त्याला सगळं सांगितलं. धाकटीचं नाव भामा.

मामा हात धरून म्हणला, आजीला नाव तू सांगू नको, ॲपात बी टाकू नको. तिच्या तोंडून येऊ दे. ज्या तोंडून येईल ती आपली. थोरली तिला भामीच म्हणायची, भामा हे अख्खं नाव थोरलीच्या तोंडून यायचं न्हाई.

सोपं हाय. गप बसायचं. मला तेवढंच जमत न्हाई.

११ डिसेंबर

आजी उन्हात बसती, केस वाळत न्हाईत. ठेचा खात न्हाई, जेवतच न्हाई. दहादा विचारलं. नुसती हसती. दादांना सांगितलं, ते म्हणले, तू फ्लेक्स दे आधी.

विहिरीवरची जाळी कुणीतरी सरकवली. ॲपात मृत्यू १२ डिसेंबर. साल पुसलं गेलंय — उद्या बारा.

१२ डिसेंबर, दुपार

मांडव भरलाय. आजी खुर्चीत न्हाई. मागं पळालो. ती विहिरीच्या काठावर, पाठमोरी —

मेंढरू दरीच्या काठाला गेलं की आमी नावानं हाळी देतो. ज्याचं नाव ते मान वर करतं. तोंडातून गेलंच —

भामा!

काठावरची वळली. ओ म्हणली.

विहिरीतून बी ओ आली.

तोल गेला तिचा — धपकन आवाज — मी खाली वाकलो तर पाणी हलत न्हवतं. मागं बघतो, तर आजी पडवीतल्या खाटेवर बसलेली. निथळत.

ॲपात नाव टाकलं. चौकटी दोन झाल्या. खाली प्रश्न. यातली हयात कोणती?

खाटेवरची म्हणती, मी भामा.

विहिरीतली म्हणती, मी भामा, दोर टाक रं लेकरा.

दोघींना नाव मीच दिलं. मीच.

मांडवात डीजे. ओरडलो, कुणी ऐकंना. खाटेवरचीनं उठून माझा उजवा हात धरलाय, अंगठा मोबाइलवर तिच्या चौकटीकडं ओढती. बर्फ हाय हात. डाव्यानं लिवतोय, कुणाला तरी कळावं —

दोर खुंटीला हाय. हात पुरत न्हाई —

आतला आवाज बारीक होत चाललाय. म्हणती, नाथा, ठेचा तिखट लागला तुला, मी मुठीत —

गूळ. आजी आत हाय. अंगठा टेक