दोन गिटारी, त्यातली एक माझी

३ जानेवारी, सकाळ
संकल्प: साडूबरोबर जॅझचा अल्बम. फक्त दोन गिटारी. साडू म्हणाला, आधी तालात वाजवायला शीक. स्वभावच विनोदी त्याचा. बायकोने आजवर माझं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. मध्येच तिला गॅस आठवतो. यंदा तिला जागची हलू द्यायची नाही. बाकी जगाचं नंतर बघू.

१९ जानेवारी
सराव. डुएटचा नियम: एकाने धून वाजवायची, दुसऱ्याने कॉर्ड्स धरायच्या, मग अदलाबदल. धून मी घेतली. अदलाबदलीच्या वेळी ऐन रंगात होतो, थांबलो नाही. साडूनेही थांबवलं नाही. तो चहा करायला गेला होता.

८ फेब्रुवारी
स्टुडिओ. रेकॉर्डिस्टची तक्रार: गिटारपेक्षा तुमची वाहवाच जास्त येतेय. म्हटलं, चांगलं वाजलं की दाद निघणारच, वाजवणारा मी असलो म्हणून काय झालं? त्याने माझा माइक लांब सरकवला. दमदार हाताला अंतर लागतंच.

९ फेब्रुवारी
माइक आणखी लांब.

१५ फेब्रुवारी
मला काचेपलीकडे स्वतंत्र खोली! साडू बिचारा जुन्याच खोलीत. त्याला वाईट वाटेल म्हणून विषय काढला नाही. हेडफोनमध्ये माझी गिटार येत नव्हती. रेकॉर्डिस्ट म्हणाला, तुम्ही फक्त मनापासून वाजवा. कदर असलेला माणूस.

२ मार्च
अल्बम तयार. डाव्या स्पीकरमधला मी. काय बोटं चालतात! उजवीकडे साडू, बरा आहे, जरा घाई करतो. फोन करून तसं सांगितलं. त्याने फोनच ठेवून दिला. लागलं असेल मनाला.

४ मार्च, संध्याकाळ
बायकोने अख्खा ऐकला. डोळे पुसले. म्हणाली, डावीकडचा तू? इतकी वर्षं असं का नाही वाजवलंस? मला भरून आलं. खरंच भरून आलं.

५ मार्च
मेहुणीने बिंग फोडलं. माझा माइक बंदच होता. दोन्ही गिटारी साडूनेच वाजवल्या, आधी एक, मग तिच्यावर दुसरी. बायकोला सांगू नकोस म्हणून मेहुणीच्या हातापाया पडलो.
तसं पाहिलं तर, न वाजवता एवढा परिणाम साधणं सोपं नाही.

६ मार्च, संध्याकाळ
बायको समोर येऊन बसली आहे. म्हणते, ते डावीकडचं वाजव.
साडूला फोन लावला. उचलत नाही.
गिटार जुळवतोय.
अजून जुळवतोय.