दसऱ्याचा झेंडू, दिवाळीचा बाजार

आई, सांगानेरहून आपल्या जयपूरच्या गल्लीत पालक घेऊन यायची ती बाई आठवते तुला? नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकवते हे कळल्यापासून तू तिला दारातूनच परत पाठवायचीस. "बुरा मत मानो, पर ये हमको नहीं चलेगी," असं तुझ्या साताऱ्याच्या हिंदीत. ती हसून पुढच्या घरी जायची. मी कॉलेजातून येताना कोथिंबिरीची जुडी आणली, तरी तू मला ओट्याशी उभी करून तीन पाण्यांनी धुवायला लावायचीस. वर ऐकवायचीस, "पोटात जाणाऱ्या गोष्टीत आळस नको."

तीच बाई दोन वर्षांपूर्वी माझ्या रोपवाटिकेत आली. कापडछपाईच्या कारखान्यांचं रंगीत पाणी नाल्यात उतरतं म्हणून त्यावर भाजी लावायला बंदी झाली होती, तिच्या उभ्या पालकावर ट्रॅक्टर फिरला होता. मुलगा जमीन प्लॉटवाल्याला द्यायला निघालेला. "दीदी, ज़मीन गई तो मैं सुबह उठके जाऊँगी कहाँ?" मी छाती ठोकून सांगितलं, झेंडू लावा. जे खायचं नाही त्याला मनाई नाही, आणि दसऱ्याला फुलं पुरणार नाहीत बघा! झेंडू दसऱ्याला अगदी वेळेवर फुलला. अडचण एवढीच, दसऱ्याला दाराला झेंडूचं तोरण लावतो ते आपण मराठी लोक. जयपूर त्या दिवशी रावण जाळतं, फुलं घेतं ते दिवाळीला. जन्म इथे गेला, पण माझं कॅलेंडर साताऱ्याचंच राहिलं. मंडीत कुणी ढुंकून पाहिलं नाही. पण रडत बसले तर मी तुझी मुलगी कसली. सगळी फुलं खुडा, म्हटलं. खुडलं की झाड पुन्हा फुटतं. दोघी दिवसभर वाफ्यात वाकलेल्या आहोत, ती मध्येच म्हणते, "आपका दशहरा बड़ा महँगा पड़ा, दीदी," आणि दोघी हसतो. पाकळ्या गच्चीवर वाळवल्या, त्या सांगानेरच्याच एका छपाईवाल्याने पिवळ्या रंगासाठी नेल्या. दिवाळीला झाडं पुन्हा लगडली, सगळी फुलं हातोहात गेली. जमीन राहिली. मुलगा आता गुलाबाच्या कलमांसाठी माझ्या मागे लागलाय.

परवा ती हार घेऊन दारात आली. "भाभीजी की फोटो के लिए. ये तो ले लेंगी ना?" मी तो दोन्ही हातांनी घेतला. म्हटलं, का नाही घेणार! तुझ्या फोटोला शोभतोय तो. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून खरं सांगते: ती गल्लीच्या वळणापलीकडे गेल्यावर मी तो हार ओट्याशी नेऊन तीन पाण्यांनी धुतला.