तीन झाडलेल्या पुंगळ्या

स्पोकेन, ९ ऑगस्ट

प्रिय बाबा,

मी मजेत आहे. तुमचा डोळा आता चुरचुरत नाही ना?

तुमच्या रायफलीचं काडतुसाचं घर कोरून मोठं केलेलं, म्हणून तिचं काडतूस दुकानात मिळत नाही, तसा रिकामी पुंगळी पुन्हा भरायचा साचाही मिळत नाही. इथले कारागीर लुंडग्रेनकाका तो करून देतील. गावातून कोरण्याआधीच्या मूळ मापाची तीन काडतुसं आणून तुमच्या रायफलीतून झाडा. पुंगळ्या फुगून तिच्या मापाच्या होतील, त्या साच्याच्या मापासाठी पाठवा.

तुमच्या डोळ्यात गरम धूर सोडणारी, पुन्हापुन्हा भरून बुडाशी तडकलेली पुंगळी पाहून काका म्हणाले, "घरातली पहिली इंजिनिअर ना तू? मग बापाला आवर की!"

तुमच्यासाठी नव्या पुंगळ्या मी कारखान्याच्या एकाच खेपेतल्या निवडल्यात. जुन्यांचा डबा स्वतः फेकल्याचं आईने कळवलं, की साचा पाठवीन. तुमच्या शपथेवर नाही.

तुमची हट्टी,
मारिट