चौदावं नाव

मालवीय नगर, जयपूर
६ नोव्हेंबर २०२४

ती. अलकाताईस,
दिलीपचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या भार्गवीच्या लग्नासाठी लिहिलेली मंगलाष्टकं तू तिसऱ्यांदा परत पाठवलीस. ताई, इथे चारदीवारीतला, जुन्या शहरातला प्रत्येक बँडवाला माझ्या गाण्यावर वरात काढतो. गायकाने शब्द खाल्ला तर मला चालत्या ई-रिक्शातून कळतं. निर्माते दोन ओळींसाठी ‘पंडितजी, पंडितजी’ करत बसून राहतात. आणि तू मला आत्या, काकू, दोन्हीकडचे आजी-आजोबा मिळून चौदा नावं कोंबायला लावतेस. चौदा नावांचं गाणं कोणी गुणगुणत नाही. तरी तेरा बसवली. आता काय राहिलं?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
दिलीप


अकोला
१२ नोव्हेंबर

चि. दिलीप,
अनेक आशीर्वाद.

चौदावं राहिलं. पहिल्यांदा वाटलं विसरलास. तीनदा कोणी विसरत नसतं. दिनकरदादाशी तू अकरा वर्षं बोलला नाहीस. टीव्हीवर सांगून मोकळा झालास की घरात तुझ्या गाण्याला कोणी कान दिला नाही. दादा तेव्हा जेवत होता, तो ताटावरून उठला. जयपूरच्या रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर तुझी बोटं धरून लघु-गुरू कोणी शिकवले रे?

अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. भार्गवीला दोघे हवेत. दादा म्हणतो, अष्टकात नाव नाही तर मांडवात माझं काय काम? तुम्हा दोघांपुढे मी हात टेकले.

तब्येत सांभाळ, आणि अक्कलही.
तुझी ताई


जयपूर
२० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

लोकांना वर आलेला माणूस एकटाच वर आलेला आवडतो. मला ते ठाऊक होतं, म्हणून मी त्या दिवशी एकटा झालो. झालं समाधान?

आता ऐक. दोघा मामांची नावं एका ओळीत बसत नाहीत. सहा दिवस खटपट केली, राजा पार्कच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला दोनदा उशीर झाला. शेवटी माझं काढून दादाचं घातलंय. भार्गवीच्या पाठीशी तोच उभा राहू दे. मी पंगतीत वाढेन.

ओळ परत पाठवू नकोस, एवढी माया कर.
दिलीप


भुसावळ
२६ नोव्हेंबर

चि. दिलीप,
अ. आ.

अलकाने तुझा कागद मला धाडला. एवढी गाणी लिहिलीस, पण बोटांवर मोजणं सोडलेलं दिसतं. दोघे बसतात:

मामा दोन, दिलीप नी दिनकर स्नेहे उभे पाठिशी

एकोणीस अक्षरं आहेत, मोजून घे. ‘स्नेहे’ तूर्त फक्त वृत्तासाठी घातलं आहे. बाकीचं मांडवात बघू.

आदल्या दिवशीच ये. वाढायला माणसं आहेत.
तुझा दादा