घाटातली बचत आणि तुमची बहीण

ती. स्व. दादांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त नुसती मान लववली. उरलेला नमस्कार भेटीत पुरा करीन.) वहिनींनाही नमस्कार सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? वखारीत ओंडक्यांच्या थप्पीवर चढून माणसांना हुकूम सोडायची सवय गेली की अजून आहे? असेल तर आधी खाली उतरा, मग पुढचं वाचा. मी इकडे खुशाल आहे. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे फोनच करणार होतो, पण तुमच्या घरचा फोन हल्ली तुमची बहीण उचलते आणि माझा आवाज ऐकला की ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून देते. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर नंबर चुकल्याचं कळणं म्हणजे जरा उशीरच झाला.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी आहेत. वर ठळक अक्षरात प्रश्न: जुनी जीप विकून तुमच्यासारखी हायब्रीड घ्यावी म्हणतो, त्यात काही अर्थ आहे का? आणि तळाशी, जागा संपली म्हणून कडेने उभी चढवलेली ओळ: धाकटी मजेत आहे, म्हणते न्यायला यायचं असेल तर गाडीतल्या त्या पडद्यावर रुमाल टाकून या, नाहीतर येऊच नका. वरच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो. कडेच्या ओळीचं उत्तर त्यातच कुठेतरी येईल. (‘मजेत’ हा शब्द तिचा की तुमचा, तेवढं मात्र कळवा.)

तर हायब्रीड. हिच्यात दोन जीव असतात, एक पेट्रोलचं इंजिन आणि एक विजेची मोटर. कोणी कधी राबायचं हे ती दोघं आपसांत ठरवतात, चालवणाऱ्याला विचारत नाहीत. सिग्नलला थांबलं की इंजिन गप्प बसतं. ब्रेक लावला की चाकांचा जोर वाया न जाता बॅटरीत जमा होतो. शोरूममधला विक्रेता म्हणाला, ‘‘साहेब, बाकीच्या गाड्यांत ब्रेक म्हणजे खर्च, हिच्यात ब्रेक म्हणजे कमाई.’’ असलं वाक्य माझ्यासारख्याच्या कानावर घालणं हे पापच. मी चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस. गिऱ्हाईक येईस्तोवर थांबणं हाच माझा निम्मा धंदा. थांबण्याचंही काही मिळतं, हे आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला सांगत होतं. तुम्ही मागे कोणाच्या तरी नादाने जीपच्या नळीला लोहचुंबक बांधलं होतंत, पेट्रोल वाचतं म्हणून, आणि शेवटी त्याला वखारीतले खिळे चिकटण्यापलीकडे काही झालं नाही. तेव्हा मी तुम्हाला पोट धरून हसलो होतो. देव असल्या हसण्याची नोंद ठेवतो.

आता तो पडदा. स्टीअरिंगच्या शेजारी एक काच आहे आणि त्या काचेत एक रोप आहे. हळुवार चालवलंत की रोपाला पालवी फुटते, जोरात पाय दिलात की पानं गळतात. शेजारी ॲव्हरेजचा आकडा. दादा, मी लावलेलं एकही झाड आजवर जगलेलं नाही हे तुम्ही जाणता. गॅलरीतल्या कुंड्या तुमच्या बहिणीच्या जिवावर उभ्या आहेत. पण या काचेतल्या रोपाला मी चार दिवसांत असं डवरून आणलं की उतरताना मागे वळून बघायचो. ती म्हणायची, ‘‘कुंड्यांना पाणी घाला म्हटलं तर विसरता, आणि त्या चित्राला जीव लावता.’’ दिवसभर गिऱ्हाइकांना मी सांगतो की लांब बघा, लांबची ओळ वाचा. स्वतः मात्र गाडीत बसलो की वीतभर अंतरावरच्या पानांपलीकडे मला काही दिसेनासं झालं.

मग जे व्हायचं तेच झालं. हायब्रीड गर्दीत जास्त वाचवते, मोकळ्या रस्त्यावर कमी. लोक गर्दी टाळायला गल्ल्या शोधतात, मी गर्दी शोधायला निघू लागलो. बाजारपेठेतून जायचं कारण नसलं तरी बाजारपेठेतून. खिडक्या उघड्या ठेवल्या तर वारा अडतो म्हणून बंद, आणि एसी पेट्रोल खातो म्हणून तोही बंद. ही घामाने भिजून जायची आणि मी तिला हवेच्या दाबाचं शास्त्र सांगायचो. मी इतका सावकाश जायचो की माझ्या मागे गाड्यांची रांग लागायची. एकदा फुटपाथवरच्या एका आजोबांनी ती रांग पाहून टोपी काढली आणि हात जोडले. कोणी मोठा माणूस गेला असं त्यांना वाटलं असावं. मी आतून नमस्कार केला, त्यावर ते बरेच घाबरलेले दिसले. आणि ही हॉस्पिटलात मोठ्या नर्सबाई, तिला उशीर चालत नाही. एका सकाळी सिग्नलला ती दार उघडून उतरली आणि पर्स खांद्याला अडकवून चालू लागली. मी हॉस्पिटलच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा ती वॉर्डाच्या खिडकीतून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या शेजारी उभे राहून दोन पेशंटही बघत होते.

इथवर सगळं रुळावर होतं. बिनसलं ते तुमच्या साठाव्या वाढदिवसाला. आम्ही जेवणं आटोपल्यावर का पोहोचलो हे तिने तुम्हाला सांगितलं असेलच, पण तिला त्यामागचं तंत्र माहीत नाही, म्हणून माझी बाजू ऐका. चढाला इंजिन पेट्रोल पिणारच, त्याला इलाज नाही. त्याची भरपाई उतारावर, कारण उतारावर ब्रेक म्हणजे कमाई. तिच्या मांडीवर तिने स्वतः केलेला केक, त्यावर तिनेच काढलेला साठाचा आकडा. खिडक्या बंद, एसी बंद. घाटमाथा ओलांडला आणि मी ब्रेकवर पाय ठेवून कमवायला लागलो. आणि दादा, निम्म्या उतारालाच बॅटरी भरली. काठोकाठ. म्हणजे पुढचा सगळा घाट माझ्या डोळ्यांदेखत फुकट जाणार. भांडं भरलंय आणि नळ चालूच आहे, असं झालं मला. वीज कुठेतरी खपवली पाहिजे म्हणून मी एसी पूर्ण सोडला, दिवे लावले, पंखे लावले, मागची काच गरम करायचं बटण दाबलं. इतके दिवस उकडत बसलेली तुमची बहीण आता केकसकट गारठली. तरीही बॅटरी भरलेलीच. तेव्हा मी जे केलं ते शास्त्राला धरूनच होतं: गाडी वळवली आणि पुन्हा वर गेलो. चढाला वीज वापरायची, बॅटरीत जागा करायची आणि मग सगळा उतार पहिल्यापासून कमवत यायचं. ती फक्त एवढंच म्हणाली, ‘‘दादाचं घर खाली आहे ना?’’ मी म्हटलं, ‘‘हो, पण आपण तिथे जास्त चांगल्या रीतीने पोहोचणार आहोत.’’

त्या वळणावळणांत आणि उकाड्या-गारठ्यात केकवरचं शून्य घरंगळून खोक्याच्या कडेला जाऊन बसलं. वहिनींनी झाकण उघडलं तेव्हा तुम्ही सहा वर्षांचे होतात. तुम्ही हसलात, सगळे हसले. ती हसली नाही. तिने आदल्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर उभ्या उभ्या केलेला केक होता तो. मला ते तेव्हा दिसायला हवं होतं, पण मी सगळ्यांना पडद्यावरच्या आकड्याचा फोटो दाखवत फिरत होतो. निघायच्या वेळी ती म्हणाली, ‘‘तुम्ही जा. मी राहते थोडे दिवस.’’

एवढ्यावरही निभावलं असतं. पण घरी पोहोचून मी सुखरूप आल्याचा फोन केला आणि त्याच दमात सांगून टाकलं की परतीच्या वाटेवर गाडीने आजवरचं सर्वांत चांगलं ॲव्हरेज दिलं. ती म्हणाली, ‘‘हो का? कशामुळे?’’ आता तिने विचारलं, मी सांगितलं. एक माणूस कमी होतं ना गाडीत. पलीकडे इतका वेळ काही ऐकू आलं नाही की मला वाटलं नेटवर्क गेलं. म्हणून मी ते वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं. राँग नंबर तिथून सुरू झाला.

तेव्हा दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गावातल्या गावात, गर्दीतून रोज फिरणारा माणूस असेल तर हायब्रीड घ्यावी. गाडी गुणी आहे, तिचा काहीही दोष नाही. तुमच्यासारखा घाटापलीकडे राहून मोकळ्या रस्त्यावर लाकडं वाहणारा असेल तर जास्तीचे मोजलेले पैसे वसूल होईपर्यंत नातवंडं गाडी चालवायला लागतील. आणि माझ्यासारखा माणूस असेल तर त्याने बैलगाडीच घ्यावी, तिला पडदा नसतो. तुमची जीप मात्र आता खरंच काढा. धूर ओकते, आवाजाने मुडदे उठवते, चढाला पेट्रोल पिते ते एखाद्या लग्नाच्या पंगतीसारखं. आजच्या काळात असली गाडी बाळगणं शोभत नाही.

राहिली ती कडेची ओळ. मला रुमालाची अट मान्य आहे. घर इतकं गप्प झालंय की फ्रिज चालू झाला तरी मी मान वर करून बघतो. कुंड्यांना रोज पाणी घालतो आहे, त्यातल्या दोन बहुधा जास्त पाण्यानेच माना टाकायच्या बेतात आहेत. तिची आठवण येते, हे तुम्ही सांगितलंत तरी चालेल. रविवारी सकाळी न्यायला येतो.

वहिनींना पुन्हा नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
धाकटीचा नवरा (सध्या राँग नंबर)

ता. क. रविवारी मी येत नाही. म्हणजे येऊ शकत नाही. गाडी सुरूच होत नाहीये. हायब्रीडमध्ये मोठ्या बॅटरीखेरीज एक छोटी साधी बॅटरीही असते आणि ती उतरली की मोठी काठोकाठ भरलेली असूनही उपयोग नाही, ही माहिती विक्रेत्याने दिली नव्हती. ती उतरली कशी हे तुम्ही विचाराल. ही गेल्यापासून संध्याकाळी घरात बसवत नाही, म्हणून खाली जाऊन गाडीत बसायचो. गाडी सुरू न करता नुसता पडदा चालू करून, कुठेही न जाता. आधी माझ्या जागेवर बसायचो, नंतर तिच्या.

ता. क. तेव्हा विनंती अशी की रविवारी तुम्हीच जीप घेऊन या. जीपची बॅटरी माझ्या या छोट्या बॅटरीला जोडायची ती जाड केबल तुमच्या वखारीत आहे, ती आणा, आणि तुमच्या बहिणीला आणा. वर जीपबद्दल जे लिहिलंय ते कृपया खोडून वाचावं. जीप विकू नका. धाकटीला पुढे बसवा, खिडक्या उघड्या ठेवा आणि हव्या तेवढ्या जोरात हाका. तुमच्या त्या जाण्यायेण्यात माझी आजवरची सगळी बचत एका दिवसात जाईल, ती जाऊ द्या. इथून पुढे दोघं बसल्यावर जे ॲव्हरेज येईल तेच खरं धरायचं ठरवलं आहे.

ता. क. तिला सांगा, पडद्यावर रुमाल आजपासूनच टाकून ठेवला आहे, चांगला धुऊन, इस्त्री करून. (पडदा तसाही बंदच पडलाय, हे सांगू नका.)