न चाखता

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझं काम तुला कधी धड सांगताच आलं नाही. पारोळ्यात कुणी विचारलं की तू म्हणायचीस, "ती कायतरी शोधस." अगदी खरं! खोल जमिनीखाली एक यंत्र आहे, आणि देशोदेशीची शेकडो माणसं मिळून त्यात कुणी कधी न पाहिलेला एक कण शोधतोय. उत्तर आधी दिसलं तर मन हवं तिकडे झुकतं, म्हणून मोजायची रीत सगळ्यांनी तपासून पक्की होईपर्यंत ते झाकलेलं असतं. मग एकदाच उघडायचं, निघेल ते छापायचं.

हे मला नवं नव्हतंच. कानबाईच्या रोटांचा दिवस, स्वयंपाकघरात धूर, सगळे भाऊबंद जेवायला, आणि देवीला नैवेद्य दाखवण्याआधीच मी आमटीत बोट घालतेय. तू हातावर चापट मारतेस. "अळणी झाली तर?" "व्हई ते व्हई! चाखीसन निवद दखाडतस का कोनी?" एका वर्षी झालीच अळणी. पहिला घास कुणी घेण्याआधी पंगतीत तूच सांगून टाकलंस.

यंदा आम्ही ते झाकलेलं उत्तर उघडलं. शेकडो माणसं, इतकी वर्षं, आणि एकानंही डोकावलं नव्हतं. बाई गं, मला भरूनच आलं! पडद्यावर मात्र काहीच नव्हतं. सपाट रेघ. कण सापडलाच नव्हता.

माझ्या हाताखालच्या मुलीची नोकरी यंदा संपतेय. ती हळूच म्हणाली, "मॅडम, मोजणीतली एक अट जरा सैल केली तर काहीतरी दिसेल." नव्या नोकरीसाठी मुलाखतीत सगळे एकच विचारतात, काय सापडलं? प्रत्येक बैठकीत मी वरिष्ठांशी भांडते की प्रामाणिकपणे न सापडणं हेही काम धरा. औषधांच्या, बियाण्यांच्या चाचण्यांनाही हाच नियम लावा. माना डोलावतात आणि चहा मागवतात. मी तिला म्हटलं, "नाही. आहे तसंच छापायचं." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती निबंध लिहायला बसली.

निबंध गेला, तिचंही नाव त्यात आहे. नोकरी अजून नाही. मी किती ठाम राहिले, असं सगळे म्हणतात. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुला सांगते: तिनं दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. तिनं विचारलं नाही.