दाराला तार, तारेला घंटी

२१ नोव्हेंबर १९६६

पुन्हा निघून गेली! मी आत बातमी लिहीत होतो — उकव्याच्या खाणीतला बोनस — आणि मान वर करून पाहतो तर दार सताड उघडं, कालिंदी नाही. चपला न घालता धावलो. वळणावरच भेटली, शेजारच्या शेवंताबाईंचा हात धरून येत होती. "वयनी मले बजारात भेटल्या," एवढंच त्या म्हणाल्या. मीही ठोकून दिलं, "हो, भाजीला पाठवली होती."

पिशवीत भाजी नव्हती. माझा लोकरी मफलर होता, नीट घडी घालून.

तिरोडीला, माहेरी निघाली असणार. माहेरी जाताना नवऱ्याचा मफलर! सोबत काय घ्यावं हेही बिचारीला सुचेनासं झालंय.

२३ नोव्हेंबर

मेहुणा नीळकंठ तिरोडीहून आला होता. बहिणीहून धाकटा, पण बोलणं आजोबांचं. "बंडोपंत, उद्या वैनगंगेकडे गेली तर काय कराल? आता एकदा जरी अशी निघाली, तर मी तिला नागपूरच्या दवाखान्यात ठेवणार. वेड्यांच्या. स्पष्ट सांगतो." मी म्हटलं, दवाखाना नाही आणि बाहेरून कुलूपही नाही. बायको आहे, धान्याची कोठी नव्हे. "मग करणार काय?"

संस्कृत पाठशाळेत भल्याभल्यांना वादात गप्प केलं, आणि आज मेहुण्याचा पूर्वपक्ष अभेद्य, माझ्याकडे सिद्धान्तच नाही.

कालिंदी समोरच बसली होती. मला हळूच म्हणाली, "हे गृहस्थ जेवून जाणार आहेत का?" सख्खा भाऊ! त्याचे डोळे भरले. माझे भरत नाहीत. सवयीने माणूस किती कोरडा होतो.

२४ नोव्हेंबर

सहा महिने झाले, बैहर नाही, उकवा नाही. पूर्वी बातम्यांसाठी आठवड्यातून चार दिवस बसच्या टपावरची धूळ खायचो. आता बातमी घरी चालत आली तर ठीक. नागपूरहून संपादकांनी विचारलं, बालाघाटात काही घडत नाही का? घडतं. छापण्यासारखं नाही.

२७ नोव्हेंबर

विकल्प असे. कुत्रा — कालिंदीवर भुंकणार नाही, तिच्याबरोबर फिरायला जाईल. गुरखा — दिवसा झोपणार, आणि ही दिवसाच निघते. तिसरा, विजेची घंटी. दार उघडलं की वाजेल. मी मागच्या खोलीत असलो तरी उठेन. एका खाणवाल्या साहेबाच्या बंगल्यावर पाहिली होती, चोरांसाठी बसवलेली.

घंटीच. पण लोकांना कारण काय सांगायचं? चोरांचंच.

३० नोव्हेंबर

वायरमन प्रेमलाल आला. बोलण्याची मोठी हौस. "पंतजी, लाईनवर लावान त लाईट गेली का घंटी मेली. सेलवर लावा. लाईट जावो का राहो, चोराले माफी नाही." सेलवर ठरली. मग दाराला लावायची, की पायपुसण्याखाली पितळी पट्ट्या टाकायच्या? मी म्हटलं दाराला. पायपुसण्यावर मांजरही बसतं.

मग म्हणालो, तार आतून दिसता कामा नये, आणि बंद करायचं बटण उंचावर हवं, सहज हात पोचणार नाही असं. प्रेमलाल हसला. "पंतजी, चोर त बाहीरून येते! तुमी आतून काहून लपवून राह्यले?"

आत कालिंदी एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होती. त्याने तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हौ," म्हणाला. मग काम संपेपर्यंत बोलला नाही. त्याच्या मानाने हे फार झालं.

३ डिसेंबर

दोन्ही दारांना बसली. चौकटीला लाकडी पट्टी, पट्टीखाली तार. दार सरकलं की पितळेच्या दोन जिभा एकमेकींना भिडतात आणि घंटी कोकलते. अख्खी आळी बाहेर! "चोरांचा काय भरवसा," मी म्हणालो. सगळ्यांनी मान डोलावली. जरा जास्तच एकदम डोलावली, असं आता लिहिताना वाटतं.

६ डिसेंबर

लबाडीला आधार हवा म्हणून बातमीच पाठवली — बालाघाटात वाढत्या चोऱ्या, नागरिक विजेच्या घंट्या बसवत आहेत. चोऱ्या एकूण दोन, त्यातली एक कोंबडी. नागरिक एकूण मी. छापून आली!

९ डिसेंबर

बाजारात थानेदार भेटले. "पंतजी, शहर में इतने चोर हैं, यह तो हमें आपके अखबार से मालूम हुआ!"

१४ डिसेंबर

न्यायशास्त्रात धुरावरून अग्नी ओळखतात. मी घंटीवरून कालिंदी ओळखतो. वाजली की धावतो, तिला दारातून परत आणतो. दुपार कलली की हमखास. रागावत नाही, रडत नाही. उंबऱ्यावर नुसती उभी राहते, पिशवी छातीशी धरून. "सोडा ना," म्हणते. परक्याला म्हणावं तसं.

आठवडा झाला, "अहो" ऐकलेलं नाही.

१५ डिसेंबर

कुलूप नको म्हणून घंटी बसवली. ते कुलूपच झालं. फक्त आवाज करणारं.

२२ डिसेंबर

उंदराने तार कुरतडली, घंटी मुकी. ही कधी गेली कळलंच नाही. शेवंताबाईच घेऊन आल्या. "देवळात भेटल्या," म्हणाल्या. मागे बाजारात, आता देवळात. शेवंताबाईंना ही बरी भेटते सगळीकडे! पिशवीत पुन्हा मफलर.

प्रेमलालने तार बदलली. नीळकंठला काही कळवलेलं नाही.

२८ डिसेंबर

पहाटे तिच्याकडे पाहत बसलो. झोपेत चेहरा जुनाच असतो. वाटतं, उठवूच नये. जागी झाली की जाते.

४ जानेवारी १९६७

चोरी झाली! खरीखुरी.

काल दुपारी, ती झोपलेली पाहून, बातमीची तार करायला पोस्टात गेलो होतो. परत येतो तर घंटीच्या जागी भिंतीला चार भोकं. घंटी नाही, सेल नाहीत, तांब्याची सगळी तार खेचून नेलेली, आणि जाता जाता पितळेचं घंगाळही. माझीच बातमी वाचून आला असेल तर वाचक मिळाल्याचं समाधान मानावं.

कालिंदी प्रसन्न होती. "पाहुणे येऊन गेले. घंटी दुरुस्तीला नेली. स्टूल हलत होतं, मी धरलं. चहा नको म्हणाले, घाईत होते."

हसलो. हसताना बसलोच खाली. चोराच्या हातात सुरा असता तर? हिने स्टूल धरलं असतं.

मग आळीवर संतापलो. दार उघडताना घंटी वाजलीच असणार! कोणालाच कशी ऐकू आली नाही? शेवंताबाई पदर सावरत म्हणाल्या, "आली न. आमाले वाटलं वयनी निंगाल्या. मी भाकरी टाकून राह्यलतो, म्हटलं दोन टाकतो अन् जातो मांगून."

"तुम्हाला... ठाऊक आहे?"

"साऱ्याइलेच ठाऊक हाये, पंतजी. वरीसभर झालं. तुमीच लपवून राह्यले, त आमी काहून बोलाव?"

जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. चोर-चोर करत महिनाभर जे नाटक केलं, त्याला अख्खी आळी प्रेक्षक होती, आणि कोणी खोकलंसुद्धा नाही.

५ जानेवारी

चोरीचं तिरोडीला कळलं. नीळकंठचा निरोप — रविवारी जीप घेऊन येतो, तिचे कपडे भरून ठेवा.

भरायला घेतले. दुसऱ्या लुगड्यानंतर हात चालेना. संपलं. शास्त्र संपलं, युक्ती संपली, घंटीही गेली.

संध्याकाळी शेवंताबाई आल्या. पेटी पाहिली. म्हणाल्या, "काहून धाडून राह्यले त्याइले?"

म्हटलं, रोज माहेरी पळते, किती धरू?

"मायेरी?" त्या बघतच राहिल्या. "मायेरी कुठी? बजार अन् देऊळ त मी तुमची लाज राखाले सांगत होतो. वयनी बसस्टँडवर जातेत. बैहरच्या गाडीपाशी. मी म्हटलं, चाला वयनी घरी. त म्हणतेत, 'हे बैहरला गेलेत, आता येतील. घाटात थंडी असते, मफलर घरीच विसरले.' गाडीतून सारे उतरेपर्यंत पाह्यतेत. मंग येतेत गुपचूप."

रात्र झाली. तो मफलर उशाशी आहे. मी रोज तिला धरून घरात आणत होतो, आणि ती मला आणायला निघत होती.

६ जानेवारी

दुपारी मफलर जागेवर ठेवून मागच्या दाराने निघालो. कालिंदीकडे लक्ष ठेवायला शेवंताबाई होत्या. नाक्यावर बैहरहून येणारी गाडी थांबवून चढलो. कंडक्टर ओळखीचा. "पंतजी, इतक्यासाठी गाडी? चालत गेले असते तं पोचले असते!" म्हटलं, बैहरहून येतोय.

स्टँडवर सगळ्यांच्या शेवटी उतरलो. ती होती. मागे पंधरा पावलांवर शेवंताबाई, पाठ फिरवून.

"अहो, किती हा उशीर!" म्हणाली. मफलर स्वतः माझ्या गळ्याभोवती गुंडाळला, जरा घट्टच. मग पुढे चालू लागली. कुठे वळायचं, कुठे नाली ओलांडायची, सगळं बरोबर. मी मागे मागे.

पेटी रिकामी केली. रविवारी नीळकंठने खुशाल यावं. आम्ही घरी नसू; ती स्टँडवर असेल, मी बैहरच्या गाडीतून उतरत असेन.